रणसंग्रामाचा कित्ता

‘नक्कल’ हा शब्द आपल्या बोलण्यात चांगल्या अर्थाने क्वचितच येतो. परीक्षेत नक्कल करणारा विद्यार्थी दंडास पात्र होतो; दुसऱ्याच्या लकबी उचलून हसविणाऱ्याला आपण घटकाभर दाद देतो, पण त्याला गुणी म्हणत नाही. मात्र या नकलेचा एक सोज्वळ भाऊ आपल्या घराघरांत पूर्वापार नांदत आला आहे. त्याचे नाव कित्ता. मूल शाळेत जाऊ लागले की वळणदार अक्षरांचा कित्ता त्याच्यापुढे ठेवला जातो. ते अक्षर दुसऱ्याचे असते. पण ते घोटता घोटता मुलाच्या बोटांना वळण लागते आणि पुढे त्याच्या हातून उतरते ते त्याचे स्वतःचे अक्षर. सुताराचा मुलगा बापाच्या हातचा पाट समोर ठेवूनच पहिला पाट करतो. चित्रकलेतही, विशेषतः तैलचित्रणात, हाच मार्ग शतकानुशतके राजमार्ग मानला गेला. त्यातही जो कित्ता सर्वांत कठीण समजला जाई, तो म्हणजे थोर चित्रकाराने रंगविलेला रणसंग्राम.

आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी कुटुंबातील मुलाचा हात चित्रकलेत चांगला आहे. तैलरंग शिकण्यासाठी एका जुन्या लढाईच्या चित्राची प्रतिकृती करावी असे त्याने मनात घेतले, तेव्हा त्याचे वडील आम्हांला म्हणाले, “फादर, पोराचा हात वळतो हे आम्हालाही दिसतं. पण दुसऱ्यानं काढलेलं चित्र पुन्हा काढण्यात वर्ष घालवून त्याला मिळणार काय?” आई त्याहून स्पष्ट बोलल्या. “आणि तेही मारामारीचं! पवित्र हृदयाच्या तसबिरीसमोर ही कापाकापी टांगायची का, फादर, तुम्हीच सांगा.” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ते अन्य घरांतही विचारले जात असतील, म्हणून त्यांचा विचार आम्ही येथे सविस्तर करीत आहो.

यासाठी आपणांस इटलीतील फ्लॉरेन्स शहरी जावे लागेल. 29 जून 1440 रोजी, म्हणजे संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या दिवशी, टस्कनीतील अंगियारी गावाजवळ एक लढाई झाली. एका बाजूस मिलानचे सैन्य होते. दुसऱ्या बाजूस फ्लॉरेन्सचे प्रजासत्ताक आणि त्याच्या साह्यास आलेली पोपमहाशयांची फौज. जय फ्लॉरेन्सचा झाला. या लढाईत एकच माणूस मेला, तोही घोड्यावरून पडून तुडविला गेल्यामुळे, असे माकियाव्हेलीने पुढे आपल्या इतिहासात लिहिले. भाडोत्री सैनिकांची टर उडविण्याची त्याला हौस होती. इतिहासकार हा आकडा खरा मानीत नाहीत. ते काही असो. फ्लॉरेन्सच्या नगरपित्यांनी 1503 साली आपल्या सभागृहाच्या भिंतीवर हा विजय रंगविण्याचे काम लिओनार्दो दा विंची यांच्याकडे सोपविले. पुढच्याच वर्षी त्याच सभागृहासाठी दुसरी एक लढाई रंगविण्यास तरुण मायकेलअँजेलो यांना सांगण्यात आले. ती 1364 सालची काशिनाची लढाई; आर्नो नदीत स्नान करीत असता शत्रू आल्याची हाक ऐकून घाईघाईने काठावर चढणारे शिपाई त्यांनी आपल्या रेखाटनासाठी निवडले.

एकाच दालनासाठी दोन महापुरुष झटत होते. परंतु दोघांपैकी एकाचेही चित्र पुरे झाले नाही. मायकेलअँजेलो यांनी पूर्ण आकाराचे रेखाटन केले आणि ते रोमला निघून गेले. लिओनार्दोंनी भिंतीवर तैलरंग वापरून पाहिले. 6 जून 1505 रोजी, शुक्रवारी, आपण रंग लावण्यास आरंभ करतो न करतो तोच हवा बिघडली आणि मुसळधार पाऊस कोसळला, अशी नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. भिंतीवर दिलेले अस्तर रंग धरीना. काम अर्धवट टाकून 1506 साली ते मिलानला गेले. पुढे 1563 नंतर वासारी या चित्रकाराने त्या सभागृहाचा कायापालट केला आणि भिंतींवर नवी चित्रे रंगविली. लिओनार्दोंचे काम दृष्टिआड झाले ते कायमचे. 2011 साली वासारींच्या भित्तिचित्रात बारीक छिद्रे पाडून आतला शोध घेण्यात आला, पण खालती लिओनार्दोंचे चित्र असल्याचे निर्विवाद सिद्ध झाले नाही.

मग त्या चित्राची आज आपल्याला माहिती आहे ती कशी? याचे उत्तर एका शब्दात देता येते: नकलांमुळे. ही दोन रेखाटने जोवर लोकांच्या दृष्टीस पडत होती, तोवर तरुण चित्रकारांची तेथे रीघ लागलेली असे. राफाएल हाही त्या काळात फ्लॉरेन्समध्ये येऊन शिकणाऱ्यांपैकी एक. मायकेलअँजेलोंचे रेखाटन तर शिकणाऱ्यांच्या हाताळणीने फाटून तुकडे तुकडे झाले. त्याची आज जी सर्वांत पूर्ण प्रत उपलब्ध आहे, ती सांगालो नावाच्या चित्रकाराने 1542 साली केवळ करड्या छटांत लाकडी फळीवर रंगविलेली असून इंग्लंडमधील होल्कम हॉल येथे आहे. लिओनार्दोंच्या लढाईचा मध्यभाग, म्हणजे एका ध्वजासाठी झुंजणारे चार घोडेस्वार, तोही अशाच प्रतींतून आपल्यापर्यंत पोहोचला. त्यांतील एक रंगीत प्रत ‘ताव्होला दोरिया’ या नावाने प्रसिद्ध आहे. ती जपानमधील संग्रहालयाने 2012 साली इटलीला परत दिली. दुसरी, सर्वांत नामांकित प्रत पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यावर हात फिरविला तो अँटवर्पच्या पीटर पॉल रुबेन्स यांनी.

रुबेन्स हे कॅथलिक चित्रकार. त्यांचा जन्म 1577 चा. वयाच्या 23 व्या वर्षी, 1600 साली, ते इटलीस गेले व आठ वर्षे तेथे राहिले. लिओनार्दोंची भिंत त्यांच्या जन्मापूर्वीच झाकली गेली होती. म्हणजे त्यांनी मूळ चित्र पाहिलेच नव्हते! कोणा अज्ञात इटालियन चित्रकाराची जुनी नक्कल त्यांच्या हाती आली; तिच्यावरच त्यांनी शाई व रंग घेऊन काम केले, कडा वाढविल्या, स्नायूंत जोर भरला, घोड्यांच्या डोळ्यांत भय आणि त्वेष आणला. नकलेवर केलेली ही नक्कल आज लूव्रमध्ये जपून ठेवली आहे. या अभ्यासाचे फळ पुढे त्यांच्या सिंहांच्या शिकारीच्या चित्रांत आणि म्युनिक येथील ‘ॲमेझॉनांच्या लढाई’त डोळ्यांना दिसते, तशीच अंगाला अंग भिडलेली, तशीच घोड्यांची गुंतवळ. आणि कीर्ती मिळाल्यावर त्यांनी कित्ता टाकून दिला असेही नाही. 1628 साली राजकीय कामासाठी ते माद्रिदला गेले, तेव्हा वयाला 51 वर्षे पूर्ण झालेली, युरोपभर नावलौकिक. तरी स्पेनच्या राजाच्या संग्रहातील तित्सियान यांची चित्रे समोर ठेवून ते विद्यार्थ्यासारखे प्रती करीत बसले. वडिलांच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर. ज्याला उणेपणा वाटायला हवा होता त्याला वाटला नाही.

आता लढाईच का, फळांची टोपली का नको, असे कोणी विचारील. आरंभ टोपलीनेच करावा, हे खरे. पण शिकणाऱ्याला एकाच चित्रात जितके धडे मिळावेत तितके लढाईत मिळतात. तेथे माणसाचे शरीर विश्रांतीत नसते. प्रत्येक स्नायू ताणलेला असतो. घोडा उभा, वळलेला, चावणारा, अशा सर्व अवस्थांत दिसतो. एक अंग दुसऱ्या अंगाआड जाते, आणि कोणता हात कोणाचा हे शोधल्याखेरीज रेघ पुढे सरकत नाही. पोलादाची चकाकी, कातड्याचा मंदपणा, घोड्याच्या अंगावरील घाम, उडालेली धूळ, हे सर्व वेगवेगळ्या रंगलेपाने दाखवावे लागते. धुळीतील माणसे कशी अंधुक दिसतात, पराभूताच्या कपाळावर कशा आठ्या पडतात, यांविषयी लिओनार्दोंनी आपल्या टिपणांत पुष्कळ लिहिले आहे. शिवाय जे वरवर पाहता निव्वळ गोंधळ वाटते, त्याच्या पोटी एक कडक शिस्त असते. अंगियारीच्या त्या चार स्वारांचा घोळका नीट पाहिला तर सबंध रचना एका गाठीसारखी आवळलेली दिसते: दोन घोड्यांचे पुढचे पाय एकमेकांत अडकलेले, वर ध्वजाच्या काठीवर हातांची ओढाताण, आणि खाली जमिनीवर तीन पायदळ शिपाई. ही गाठ हाताने पुन्हा बांधल्याशिवाय ती कशी बांधली हे कळत नाही. डोळा पाच मिनिटांत चित्र पाहून पुढे जातो. हात मात्र तसे जाऊ देत नाही.

ज्या मुलांना किंवा मुलींना हा कित्ता खरोखर गिरवायचा असेल, त्यांच्यासाठी कामाचा क्रम येथे देतो.

प्रथम चांगले छापील चित्र मिळवावे. मोबाइलच्या पडद्यावर चित्र सहज मिळते, परंतु पडदा स्वतः प्रकाशतो, त्यामुळे सावल्यांची खोली फसवी दिसते; म्हणून कागदावर छापून घेतलेले बरे. समजा छापील चित्र 10 इंच उंच व 14 इंच रुंद आहे. त्यावर पेन्सिलीने एकेका इंचाचे चौरस आखले तर 140 चौरस होतील. कॅनव्हास 20 इंच उंच व 28 इंच रुंद घ्यावा आणि त्यावर दोन-दोन इंचांचे तितकेच चौरस आखावेत. मग एका चौरसात जे आहे तेवढेच दुसऱ्या चौरसात उतरवीत जावे. लहान चित्र मोठे करण्याची ही जुनी युक्ती आहे.

कॅनव्हास घरी ताणायचा असेल तर जाड सुती कापड चौकटीवर ठोकून त्याला आधी सरसाचा हात द्यावा आणि नंतर पांढऱ्या अस्तराचे दोन-तीन हात. सरस न देता तेलाचा रंग थेट कापडावर लावला तर तेल कापडाला कुजविते. बाजारात तयार अस्तर मिळते, तेही चालेल.

पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर काम करणे नवशिक्यास अवघड जाते. म्हणून अंबर नावाचा तपकिरी मातीरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सर्वत्र फिरवावा व चिंधीने पुसून घ्यावा. मंद तपकिरी भूमी तयार होते. सावल्या त्याहून गडद, उजेड त्याहून फिका, इतकाच हिशेब मग उरतो. ही भूमी वाळली की कोळशाच्या कांडीने आकृत्या रेखाटाव्यात. त्यानंतर केवळ तपकिरी व पांढऱ्या रंगात सगळे चित्र एकदा पुरे करावे. रुबेन्स यांची प्रत या टप्प्यासाठी उत्तम आहे, कारण तिच्यात रंगांचा मोह नाही. पहिले चित्र येथेच थांबविले तरी काही बिघडत नाही. सांगालोंनीही करड्या छटांपलीकडे पाऊल टाकले नव्हते, आणि त्यांची प्रत पावणेपाचशेहून अधिक वर्षे टिकून आहे.

दुसऱ्या टप्प्यात रंग. रंगांची फार मोठी पेटी लागत नाही. पिवडी, गेरूच्या जातीचा तांबडा, अंबर, एक निळा, काळा आणि पांढरा एवढ्यांत बरेचसे काम होते. यांतील पिवडी व गेरू आपल्या घरच्या भिंतींना ओळखीचे आहेत. चित्रकाराचा रंग म्हणजे तीच माती, धुऊन, वस्त्रगाळ करून जवसाच्या तेलात घोटलेली. पांढरा रंग टिटॅनियमचा घ्यावा. जुने चित्रकार शिशाचा सफेदा वापरीत, तो विषारी आहे.

आता तैलचित्रणाचा मुख्य नियम. खालचा थर रुक्ष असावा, वरचा स्निग्ध. अर्थात पहिल्या थरात टर्पेंटाइन अधिक व तेल कमी. वरच्या प्रत्येक थरात तेल थोडे वाढवीत न्यावे. याचे कारण असे की, जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेऊन हळूहळू घट्ट होते. खालचा तेलकट थर ओला असता वरचा पातळ थर आधी वाळला, तर खालचा हलतो आणि वरच्याला भेगा पडतात. म्हणूनच घाई हा तैलचित्राचा शत्रू होय. एक थर दिल्यावर काही दिवस थांबावे लागते. सावल्यांत खोली हवी असेल तर शेवटी पारदर्शक रंगाचा अगदी पातळ हात द्यावा. खालचे काम त्यातून दिसत राहते. वार्निश मात्र चित्र पुरे झाल्यावर सहा महिने ते वर्ष गेल्यावाचून लावू नये.

घरच्या मंडळींना दोन सूचना. टर्पेंटाइनचा वास साचू देऊ नये; खिडक्या उघड्या ठेवाव्यात, चुलीजवळ काम करू नये, बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या कधीही बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते. ढिगात ती कोंडून चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्याव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. गवत, कडबा आणि लाकूड घराशेजारी असलेल्या आपल्या खेड्यांत ही काळजी दुप्पट घेतली पाहिजे.

प्रतिकृती करणाऱ्याने आणखी एक गोष्ट सांभाळावयाची असते, ती म्हणजे सचोटी. लूव्र संग्रहालयात आजही परवानगी घेऊन चित्रकार मूळ चित्रांसमोर बसतात. तेथे नियम असा की, प्रत मूळ चित्राच्या मापाची असता कामा नये; ती एकपंचमांशाने तरी लहान किंवा मोठी असावी, आणि मूळ चित्रकाराची सही तिच्यावर उतरवू नये. नक्कल आणि लबाडी यांच्यातील सीमा इतकी स्वच्छ आखता येते. ज्याचे त्याला द्यावे आणि आपले श्रम आपले म्हणावेत.

आपल्या देशातही या मार्गाचा माग लागतो. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रती 1844 पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने केल्या. त्यांतील बहुतेक 1866 साली लंडनजवळच्या आगीत जळाल्या. मग 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या, आणि त्यांतील पुष्कळशा 1885 साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. हानी मोठी झाली, यात शंका नाही. पण त्या गुहांच्या अंधारात वर्षानुवर्षे बसून हिंदी तरुणांनी जे शिकून घेतले, ते आगीला नेता आले नाही. याच कलाशाळेत गोव्याचे कॅथलिक चित्रकार आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (1870–1935) शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. त्यांची तैलचित्रे आज पणजीत पाहावयास मिळतात. गोमंतकीय वाचकांनी ती मुलांना अवश्य दाखवावीत.

राहिला आईंचा प्रश्न. मारामारीचे चित्र घरात कशाला?

लिओनार्दोंना लढाई रंगविण्यास सांगितले होते ती विजयाची शोभा म्हणून. पण युद्ध म्हणजे पशूला शोभणारे वेड, असे त्यांचे स्वतःचे मत होते, आणि चित्राने तेच सांगितले. त्या चार स्वारांत विजयी कोण आणि पराजित कोण हे चेहऱ्यांवरून ओळखू येत नाही. सर्वांचे ओठ फाकलेले, भुवया आवळलेल्या. डाव्या बाजूच्या स्वाराच्या छातीवर मेंढ्याचे मुंडके आहे आणि घोडे दातांनी एकमेकांना चावत आहेत. माणूस आणि जनावर यांतील अंतर तेथे पुसले गेले आहे. जो हे चित्र नुसते पाहतो त्याला कदाचित शौर्य दिसेल. जो महिनोन्‌महिने त्यातील एकेक चेहरा हाताने घडवितो, त्याला खालच्या बाजूस ढालीआड अंग चोरून वाकलेला शिपाईही रंगवावाच लागतो. त्याला टाळून पुढे जाता येत नाही.

रुबेन्स यांचे पुढे काय झाले, हेही आईंनी ऐकावे. तारुण्यात लढाईची प्रत करणाऱ्या या माणसाने स्पेन आणि इंग्लंड यांच्यात तह व्हावा म्हणून राजदूताचे काम केले. 1630 साली तो तह झाला. नंतर तीस वर्षांच्या युद्धाने युरोप होरपळत असता, 1638–39 मध्ये, त्यांनी ‘युद्धाचे परिणाम’ हे चित्र रंगविले. ते आज फ्लॉरेन्समध्ये पित्ती राजवाड्यात आहे. लिओनार्दोंची लढाई जेथे हरवली, त्याच शहरात. काळी वस्त्रे ल्यालेली, आकाशाकडे हात उंचावून आक्रोश करणारी स्त्री म्हणजे युरोप. जमिनीवर एक माता आपले मूल कवटाळून आहे. आणि युद्धदेव धावत सुटला आहे तो एका पुस्तकावर व एका रेखाटनाच्या कागदावर पाय देऊन. हे सर्व आपण कोणत्या हेतूने काढले, याचा खुलासा रुबेन्स यांनी एका पत्रात स्वतःच केला आहे.

तेव्हा आईबापांनी मुलाच्या या उद्योगास वाया गेलेला वेळ समजू नये, आणि चित्र पाहून घाबरूही नये. शेतीची कामे सांभाळून, पावसाळ्यातील लांब संध्याकाळी, एकेक चौरस करीत हे काम होते. चित्र पुरे झाले की कॅनव्हासच्या मागील बाजूस स्पष्ट अक्षरांत लिहावे: मूळ रचना लिओनार्दो दा विंची, रुबेन्स यांच्या प्रतीवरून, आणि त्याखाली आपले नाव, गाव व वर्ष. मग ते कोठे टांगावे हे आईने ठरवावे. पुढच्या कॅनव्हासवर काय काढायचे, हे मुलाला त्याच्या हातानेच कळू लागेल.